चूल कोणती घ्यावी?

गॅसची शेगडी विकत घेताना दुकानदार आपल्याला तिच्यावरच्या खुणा दाखवतो. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी लागते. म्हणजेच जळलेल्या गॅसमधील उष्णतेपैकी दोन तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णता भांड्याला मिळालीच पाहिजे. लाकडाच्या चुलीबाबत असा विचार करताना मात्र फारसे कोणी दिसत नाही. घरातली बाई आईकडून शिकली तशी चूल घालते, कोणी आठवड्याच्या बाजारातून पत्र्याची शेगडी आणतो, तर कोणाला एखाद्या योजनेतून चूल मिळते. चूल घरात येते, पण तिची निवड झालेली नसते.

चूल आता इतिहासजमा झाली, मग हा विचार कशाला, असे काहींना वाटेल. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या गेल्या, हे खरे आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी मुख्यतः गॅस, वीज किंवा बायोगॅससारखे स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्के आणि ग्रामीण भागात सुमारे ४३ टक्केच आढळली. शिवाय जेथे गॅस आहे तेथेही भाकरी, आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण यांसाठी चूल पेटतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांपैकी २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालील मुले होती. तेव्हा चूल वापरायचीच असेल, तर ती पारखून घेणे हा आरोग्याचा प्रश्न आहे.

चूल पारखताना तिला दोन प्रश्न विचारायचे असतात. लाकूड किती लागते? आणि धूर किती होतो? कमी लाकूड जळले की धूर आपोआप कमी होणार, असे समजून आपण बहुतेक वेळा हे दोन प्रश्न एकच मानतो. प्रत्यक्षात या प्रश्नांची उत्तरे चुलीच्या दोन वेगवेगळ्या भागांत दडलेली असतात. ती कशी, ते पाहू या.

लाकूड जळते म्हणजे काय होते?

वर्गात करता येण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. वारा नसलेल्या जागी मेणबत्ती लावा. ती दोन-तीन मिनिटे जळू द्या आणि मग हलकेच फुंकर मारून विझवा. वातीतून पांढुरक्या धुराची एक रेघ वर जाताना दिसेल. लगेच पेटती काडी वातीपासून दोन सेंटिमीटर उंचीवर त्या रेघेत धरा. ज्योत धुरातून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. काडी वातीला लागलेलीच नसते. पेटला तो धूर, म्हणजे मेणाची वाफ.

लाकडाचेही असेच असते. चुलीत घातलेले लाकूड तीन टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यात त्यातले पाणी तापून वाफ होऊन निघून जाते. त्यानंतर तापमान साधारण दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत चढले की लाकडाचे विघटन होऊ लागते आणि त्यातून ज्वलनशील वायू व डांबरासारख्या पदार्थांची वाफ बाहेर पडते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग असा वायुरूपाने बाहेर येतो. आपल्याला दिसणारी ज्वाळा या वायूंची असते. मागे उरतो तो कोळसा. तिसऱ्या टप्प्यात तो निखाऱ्याच्या रूपाने ज्वाळेवाचून जळतो आणि शेवटी थोडी राख राहते.

यातील दुसरा टप्पा महत्त्वाचा. बाहेर पडणारे वायू पूर्ण जळण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसे तापमान, हवेशी चांगली मिसळण आणि त्या तापलेल्या जागेत थांबायला पुरेसा वेळ. तिन्ही मिळाल्या तर वायूंचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांत होते. एक जरी कमी पडली तरी अर्धवट जळलेले वायू, डांबराचे थेंब आणि काजळीचे कण भांड्याला वळसा घालून बाहेर पडतात. यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे न जळलेले सरपण.

एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळायला सुमारे ६ किलो, म्हणजे ५ घनमीटर हवा लागते. चूल सरपणाने गच्च भरली की ती धुपते, आणि फुंकणी घातली की क्षणात ज्वाळा उठते, यामागचे कारण आता स्पष्ट होईल. फुंकणीने हवाही मिळते आणि मिसळणही होते. मात्र ती फुंकण्यासाठी बाईला तोंड चुलीजवळ न्यावे लागते.

चुलीआधी सरपण पाहा

कोरड्या लाकडाच्या प्रत्येक किलोत सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता असते. पण कोरडे लाकूड आपल्याला सहसा मिळत नाही. उन्हात चांगले वाळलेल्या लाकडातही वजनाच्या १० ते १५ टक्के पाणी असते आणि त्यातून किलोमागे १५–१६ मेगाज्यूल मिळतात. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे पाणी असू शकते. अशा एक किलो लाकडात मुळात अर्धा किलोच लाकूड असते आणि त्याची काही उष्णता उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यात जाते. हाती राहतात सुमारे ८ मेगाज्यूल.

नुकसान येथेच थांबत नाही. वाफ होताना पाणी आगीतली उष्णता शोषून घेते. त्यामुळे आगीचे तापमान उतरते, बाहेर पडणारे वायू पेटत नाहीत आणि धूर वाढतो. म्हणजे ओले लाकूड दोन्ही प्रश्नांवर नापास होते. त्यासमोर कोणतीही महागडी चूल हतबल ठरते. पावसाळ्याची बेगमी म्हणून उन्हाळ्यातच सरपण फोडून पडवीत रचून ठेवण्याची कोकणातली रीत शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. लाकूड मनगटाएवढ्या जाडीचे फोडले तर ते लवकर वाळते आणि नीट जळते.

विद्यार्थ्यांना हे मोजता येईल. नुकत्याच तोडलेल्या फांदीचा एक तुकडा वजन करून उन्हात ठेवा. दर आठवड्याला वजन करून तक्त्यात लिहा. वजन घटायचे थांबले की समजायचे, त्या हवेत तो तुकडा जितका वाळू शकतो तितका वाळला.

उष्णता जाते कुठे?

आता चुलीकडे वळू. तीन दगडांच्या चुलीत नीट पेटलेल्या आगीत लाकडातील सुमारे ९० टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने मोकळी होते. हा आकडा पाहून आश्चर्य वाटेल, कारण या चुलीची एकूण कार्यक्षमता १० ते १५ टक्के एवढीच धरली जाते. मग मधली उष्णता गेली कुठे? बरीचशी तापलेल्या वायूंबरोबर भांड्याच्या बाजूने निघून गेली. काही प्रारणाने चारी दिशांना पसरली. काही दगडांत आणि जमिनीत वहनाने शिरली. काही तापलेल्या भांड्याच्या अंगावरून वाऱ्याबरोबर गेली. लाकूड जळले, पण उष्णता भांड्यापर्यंत पोचली नाही.

ती पोचवण्याचे उत्तम उदाहरण आपल्या न्हाणीघरात होते आणि अनेक घरांत अजूनही आहे. ते म्हणजे तांब्याचा बंब. त्यात आग मध्यभागी असते, वर जाणारा धूर एका नळीतून जातो आणि पाणी त्या नळीला चहूबाजूंनी वेढून असते. तापलेल्या वायूंना बाहेर पडण्यापूर्वी पाण्याने वेढलेला लांब रस्ता कापावा लागतो. शिवाय उभ्या नळीमुळे आगीला ओढ मिळते. ३०० अंशांच्या वायूची घनता खोलीतल्या हवेच्या जवळपास निम्मी असते, म्हणून तो जोराने वर चढतो आणि खालून ताजी हवा ओढून घेतो.

चुलीवरच्या पातेल्यासाठीही हीच युक्ती वापरता येते. पातेल्याभोवती साधारण एक ते दीड सेंटिमीटर फट ठेवून पत्र्याचे कडे बसवले, तर वायूंना पातेल्याच्या बाजूला घासून जावे लागते आणि बुडाबरोबर बाजूही तापते. लाकडाची बचत होते ती मुख्यतः अशा उपायांनी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मातीची भिंत जितकी जाड तितकी चूल चांगली, असे मानले जाते. जाड माती वारा अडवते आणि हातपाय भाजू देत नाही, हे खरे. पण दाट माती उष्णतारोधक नाही. ती उष्णता पिऊन बसते. दिवसभर पेटणाऱ्या चुलीत हे चालते, परंतु दोन वेळा तासभरच पेटणाऱ्या चुलीत प्रत्येक वेळी आधी भिंत तापवावी लागते. ज्या पदार्थात हवेचे कप्पे जास्त तो खरा उष्णतारोधक. राख हे त्याचे घरातच सापडणारे उदाहरण.

एकाच चुलीला दोन गुण

आता थोडे गणित करू. समजा, एका चुलीत ९० टक्के ज्वलन होते आणि मोकळ्या झालेल्या उष्णतेपैकी १५ टक्के भांड्याला मिळते. एकूण कार्यक्षमता झाली १३.५ टक्के. ज्वलन सुधारून ९५ टक्के केले आणि बाकी काही बदलले नाही, तर कार्यक्षमता १४.२५ टक्के होईल. लाकडाची बचत जेमतेम ५ टक्के. घरातल्या बाईला ती जाणवणारही नाही. पण न जळता निसटणारा भाग १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे धूर निम्मा झाला.

उलट बाजूने पाहा. ज्वलन ९० टक्केच ठेवले, पण भांड्याला मिळणारी उष्णता १५ वरून ३० टक्के केली. लाकूड निम्मे लागेल, पण जळणाऱ्या दर किलोमागे धूर होता तेवढाच राहील.

तिसरी शक्यता अधिक फसवी आहे. लाकूड वाचावे म्हणून भांडे आगीच्या अगदी जवळ आणले, तर वायू पूर्ण जळण्यापूर्वीच थंड भांड्याला आपटतात आणि विझतात. मेणबत्तीच्या ज्योतीत स्टीलचा चमचा धरून पाहा. एरवी स्वच्छ जळणारी ज्योत चमच्यावर लगेच काजळी धरते. अशी चूल लाकूड वाचवते आणि तरीही किलोमागे जास्त धूर करते.

म्हणून विक्रेता "आमच्या चुलीला निम्मे लाकूड लागते" असे म्हणाला, तर त्याने आपल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. दुसरा प्रश्न विचारायचा राहिला आहे.

बाजारातले आणि गावातले प्रकार

साधी मातीची चूल: खर्च नाही, कोणतेही जळण चालते, पळाट्या, तुराट्या, गोवऱ्या काहीही घाला. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर फुगवता येते. वैलावर दुसरे भांडे तापत राहते. पण वर सांगितलेले सगळे दोष हिच्यात आहेत. वैल नसेल तेव्हा तर फारच.

धुराड्याची चूल: ही मातीची किंवा सिमेंटची, एका जागी बांधलेली आणि बहुधा दोन भांड्यांची असते. पहिल्या भांड्याखालून निघालेले वायू दुसऱ्याखालून जातात आणि धुराड्यातून छपराबाहेर पडतात. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धुराडे धूर जाळत नाही, तो बाहेर नेते. स्वयंपाकघराला त्याचा फायदा नक्की होतो, पण घरे दाटीने असतील तर तोच धूर शेजारच्या खिडकीतून आत येतो. धुराडे छपराच्या आढ्यापेक्षा उंच असावे लागते आणि त्यात साचणारी काजळी नियमित काढावी लागते. ती तुंबली की धूर पुन्हा चुलीच्या तोंडातून घरात येतो.

रॉकेट प्रकारची चूल: अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात हिची तत्त्वे मांडली. आडव्या तोंडातून सरपण आत जाते आणि उष्णतारोधक भिंती असलेल्या उभ्या नळीत जळते. नळी तापलेली राहते आणि वायूंना जळायला उंची मिळते. लाकडाची फक्त टोके जळतात, म्हणून सरपण हळूहळू पुढे सारत राहावे लागते. चूल हलवता येते, सुकी काटकी चांगली जळते. मात्र तोंड लहान असल्याने जाड ओंडके चालत नाहीत.

पंख्याची चूल: हिच्यात लहान विजेरी पंखा हवा आत ढकलतो. त्यामुळे मिसळण उत्तम होते आणि नीट वापरली तर या चार प्रकारांत धूर सर्वांत कमी होतो. पण लाकडाचे छोटे तुकडे किंवा भुशाच्या दाबलेल्या कांड्या लागतात आणि पंख्याची बॅटरी भारित करावी लागते. कोयता घेऊन रोज ते तुकडे कोण करणार, हे चूल घेण्याआधी ठरवायला हवे.

हलवता येणाऱ्या चुलींसाठी आपल्याकडे भारतीय मानक १३१५२ आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के सांगितली आहे. भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे कणांची मर्यादा पहिल्या प्रकारासाठी ३५० मिलिग्रॅम, तर दुसऱ्यासाठी १५० मिलिग्रॅम आहे. कार्बन मोनॉक्साइड दोन्हींसाठी ५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावा. या मानकाने दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत, हे ध्यानात घ्यावे. विकत घेताना या चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. अर्थात ते आकडे प्रयोगशाळेत, सुक्या आणि मापून कापलेल्या लाकडावर मिळालेले असतात. घरात तेवढे मिळतीलच असे नाही.

अनुभव काय सांगतो?

चूल सुधारण्याचे प्रयत्न आपल्या देशात जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून मगन चूल तयार झाली. १९५० च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर काम केले. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. या कार्यक्रमाच्या काळात महाराष्ट्रातही संशोधक आणि स्वयंसेवी संस्थांनी चुलींचे साचे तयार करून कारागिरांना शिकवले. एवढे होऊनही त्यांतील बऱ्याच चुली काही वर्षांतच मोडल्या किंवा बंद पडल्या.

असे का होते, याचा एक चांगला अभ्यास ओडिशातील ४४ गावांत झाला. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या मातीच्या चुली मिळालेल्या कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासात धुराचे प्रमाण घटलेले आढळले. पुढच्या वर्षांत तो फरक नाहीसा झाला. लोकांनी चुली रोज वापरल्या नाहीत, धुराडी साफ केली नाहीत, डागडुजी केली नाही. फुप्फुसांच्या क्षमतेत सुधारणा दिसली नाही आणि सरपणही वाचले नाही.

ग्वाटेमाला देशात कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात धुराड्याच्या चुलींची देखभाल नीट ठेवली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मुलांना लागणारा धूर सुमारे निम्म्याने कमी झाला होता. तरीही डॉक्टरांनी निदान केलेल्या न्यूमोनियात निश्चित म्हणता येईल अशी घट आढळली नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र कमी झाला.

धूर निम्मा होऊनही आजार निम्मा का झाला नाही? याचे कारण धुराच्या मूळ प्रमाणात आहे. २.५ मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांसाठी २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितली आहे. उघड्या चुलीच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक चालू असताना हे प्रमाण शेकड्यांत, कित्येकदा हजाराच्या वर जाते. हजाराचे पाचशे झाले तरी ते मर्यादेच्या तीसपटींहून अधिक असते. शिवाय धूर आणि आजार यांचा आलेख सरळ रेषेत जात नाही. कमी धुराच्या भागात तो झपाट्याने चढतो आणि पुढे सपाट होत जातो. त्यामुळे वरच्या सपाट भागात धूर निम्मा झाला तरी धोका थोडाच उतरतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. रोज न वापरलेली चूल कितीही चांगली असली तरी निरुपयोगी आहे. आणि लाकडाची चांगली चूल धोका कमी करते, पण धुराच्या बाबतीत ती गॅसची किंवा विजेची बरोबरी करत नाही. ज्या घरात गॅस आहे तेथे रोजचा भात, आमटी, चहा गॅसवर करावा आणि उरलेल्या कामासाठी चूल पारखावी.

घरी किंवा शाळेत करायची चाचणी

दोन चुलींची तुलना करायला तराजू, तापमापक आणि पातेले पुरते. ५ लिटर पाणी घ्या, त्याचे तापमान नोंदवा. १ किलो सुके लाकूड मोजून घ्या आणि ते सारे, निखाऱ्यांसह, जळून संपेपर्यंत पातेले चुलीवर ठेवा. झाकण ठेवू नका. शेवटी उरलेले पाणी मोजा.

समजा, पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर गेले आणि ३५० ग्रॅम पाण्याची वाफ झाली. पाणी तापायला ५ × ४.२ × ७५ = १५७५ किलोज्यूल लागले. वाफेला ०.३५ × २२६० = ७९१ किलोज्यूल. एकूण २३६६. एक किलो लाकडाचे १५,००० किलोज्यूल धरले तर कार्यक्षमता झाली सुमारे १६ टक्के. दुसऱ्या चुलीवर तेवढ्याच लाकडात १.१ किलो पाण्याची वाफ झाली, तर हाच हिशेब २७ टक्क्यांवर जातो. प्रत्येक चुलीवर निदान तीन वेळा चाचणी करून सरासरी काढावी, कारण आग सारखी ठेवणे हाताच्या सवयीवर अवलंबून असते.

धुराची अचूक मोजणी शाळेत करता येणार नाही, पण तुलना करता येते. पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे कापा. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे तोंड ज्या उंचीवर असते तेथे, चुलीपासून सारख्याच अंतरावर, चाचणीभर टांगून ठेवा. कापडे शेजारी ठेवून पाहा. किती काळे झाले ते मुलांना समजावून सांगावे लागणार नाही.

हे कापड एक गोष्ट मात्र दाखवत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धगधगत्या निखाऱ्यांतून धूर येत नाही, पण हा वायू भरपूर येतो. थंडीत निखाऱ्यांची किंवा भुशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपल्याने माणसे दगावतात ती यामुळेच. धूर नाही म्हणजे विष नाही, असे कधीही मानू नये. शाळेतल्या चाचण्याही उघड्यावर आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच कराव्यात.

निवड करताना

चूल घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे घरात एकत्र बसून काढावीत, आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे मत शेवटचे मानावे.

१. वर्षभर कोणते जळण मिळते? पळाट्या आणि तुराट्या असतील तर मोठ्या तोंडाची चूल सोयीची. सुक्या काटक्या असतील तर रॉकेट प्रकार. तुकडे करायला माणूस आणि वेळ असेल तरच पंख्याची.

२. चुलीवर नेमके काय करायचे? फक्त पाणी तापवायचे असेल तर बंबाला तोड नाही. भाकरी करायची असेल तर ती फुगवायला निखाऱ्यांजवळ जागा आहे का, मोठा तवा डगमगत नाही ना, हे करून पाहावे. जिच्यावर भाकरी होत नाही अशी चूल आणली की जुनी चूल शेजारी पेटतच राहते.

३. धूर जाणार कुठे? धुराडे साफ करणारा कोण आणि किती दिवसांनी, हे आधीच ठरवावे. धुराडे नसेल तर समोरासमोर दोन झरोके हवेत, किंवा चूल पडवीत हवी. तान्हे मूल पाठीशी किंवा मांडीवर घेऊन चुलीपाशी बसू नये.

४. दुरुस्ती कोण करणार? गावातल्या कारागिराला जमेल अशी चूल जास्त वर्षे टिकते.

५. चुलीच्या धुराचा आणखी काही उपयोग होतो का? अनेक घरांत बियाण्याची कणसे चुलीवर टांगतात, धुराने कीड लागत नाही. धूर गेला की बियाणे साठवण्याची दुसरी सोय करावी लागेल. तिचा विचार झाला नाही तर नवी चूल घरातल्या वडीलधाऱ्यांना नकोशी होते.

आपल्या वर्गातल्या मुलांना हे पाच प्रश्न घरी विचारून यायला सांगता येईल. शाळेतली खिचडी लाकडावर शिजत असेल, तर पहिली चाचणी त्या चुलीचीच घ्यावी. कापडाचा एक तुकडा तेथे टांगावा, आणि जी बाई रोज त्या चुलीपुढे बसते तिला तो सर्वांत आधी दाखवावा.